काळ्या पाण्यात पाहणं: अंजन, हाजिरात, आरसा (पद्धत, अनुभव, प्रश्न)

दुधनाकाठ (धागाकर्ती, परतूर)

नमस्कार मंडळी.

आपल्याकडं अंजनाचा विषय निघाला की दोनच गोष्टी निघतात, गुप्तधन आणि चोरी. त्यापलीकडं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढतेय. मी बऱ्याच वर्षांपासून पाहायला बसते. काळ्या भांड्यात पाणी आणि मंद दिवा, एवढंच लागतं. बाहेरच्या पुस्तकांत याला स्क्राइंग म्हणतात. आपल्याकडं अंगठ्याच्या नखाला काजळ लावून, विड्याच्या पानावर काजळ-तेल घोटून किंवा लेकराच्या तळहातावर काळा ठिपका काढून हेच चालत आलंय. मी बसते कशी, त्यातून काय हाती लागतं आणि कुठला प्रश्न त्यात कधीच टाकू नये, हे लिहिते. वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान शेवटचा भाग वाचावा.

भांडं: काशाचं किंवा स्टीलचं नको, ते चकाकतं. मी जुनी लोखंडी कढई वापरते, वर्षानुवर्षं तापून आतून काळीकुट्ट झालेली. आधी गरम पाण्यानं नीट धुवा. तेलाचा अंश राहिला तर पाण्यावर रंगीत तवंग येतो आणि मग डोळा त्यातच अडकतो. पाणी काठाच्या दोन बोटं खाली.

दिवा: पाठीमागं, खांद्याच्या मागच्या अंगाला. ज्योत पाण्यात दिसता कामा नये. ज्योत दिसली की नजर तिच्याकडंच जाते. खोलीत पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

नजर: पाण्यावर नाही, पाण्याच्या आत कुठंतरी. पापणी लवली तर लवू द्या. डोळे वटारून बसणारे लोक पाचव्या मिनिटाला डोकं धरतात. थोड्या वेळानं कढईचा काठ विरघळल्यासारखा होतो, मग राखाडी धूर फिरायला लागतो. बऱ्याच जणांचं पाहणं इथंच थांबतं, त्यात काही बिघडत नाही. पुढं गेलं तर तुकडे येतात: एखादा रंग, दार, कुणाचा तरी हात. चित्रपटासारखं काही चालू होत नाही, तशी अपेक्षा ठेवून बसू नका. पंधरा-वीस मिनिटांत उठायचं आणि जे दिसलं ते लगेच वहीत लिहायचं, अर्थ न लावता. "लाल दिसलं" एवढंच. "लाल म्हणजे संकट" हे लिहायचं नाही.

एक अनुभव सांगते. शेतात बोअर घ्यायचा होता, कर्ज काढून. सगळे म्हणत होते घे, आणि माझा पाय काही निघत नव्हता. बोअरला पाणी लागेल का, असं मी विचारलं नाही. मला कशाची भीती वाटतेय, एवढंच मनात धरलं. दिसली ती एक टायरची चप्पल, ओट्यावर उलटी पडलेली, अंगठा तारेनं शिवलेला. पुन्हा बसले तेव्हाही तीच. आईला विचारलं तर ती गप्पच झाली. नंतर म्हणाली, तुझ्या बाबांची होती ती. वसुलीचा माणूस दारात आला तेव्हा ते मागच्या दारानं अनवाणी गेले होते. मी तेव्हा इतकी लहान होते की मला ते आठवायचं काही कारणच नव्हतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं आत कुठंतरी राहिलं होतं. त्यानंतर कर्जाचा विचार मी शांतपणे करू शकले. बोअरचं काय झालं तो वेगळा विषय.

आता नियम. दुसऱ्या माणसाबद्दल विचारायचं नाही. चोर कोण, करणी कुणी केली, नवरा कुठं जातो, सून खरं बोलते का, यातलं काहीच नाही. या पाण्यात पाहणाऱ्याच्या मनात साठलेलंच वर येतं, म्हणून पाहणाऱ्याच्या मनात ज्याच्याबद्दल अढी असेल त्याचाच चेहरा वर येणार. मराठवाड्यात अंजनानं जे नुकसान केलं ते सगळं या एका प्रश्नापायी, असं माझं ठाम मत आहे. पाहणं वाईट नाही. पाहून बोट दाखवणं वाईट.

तुमचे अनुभव लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलंही लिहा.


मांजरा_नेत्र (लातूर)

ताई, उत्तम धागा. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्या अंगानं लिहितो.

काठ विरघळतो असं तुम्ही लिहिलंत, त्याला ट्रॉक्सलर परिणाम म्हणतात. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये तो नोंदवला. नजर एकाच ठिकाणी स्थिर ठेवली की कडेच्या, न बदलणाऱ्या गोष्टींची दखल घेणं आपली दृष्टी थांबवते आणि त्या दिसेनाशा होतात. उजेड कमी असला की हे लवकर होतं. मेंदूला ही रिकामी जागा सहन होत नाही, तो ती आपल्याजवळच्या सामानातून भरतो.

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले जोव्हानी कापुटो यांनी २०१० मध्ये याचा सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. ५० जणांना अंधाऱ्या खोलीत आरशासमोर बसवलं, पाठीमागं २५ वॅटचा दिवा, वेळ १० मिनिटं. तुमची मांडणी जवळपास हीच आहे. ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर बदललेला दिसला. २८ टक्क्यांना अनोळखी माणूस दिसला, १८ टक्क्यांना आई किंवा वडिलांचा चेहरा, आणि ४८ टक्क्यांना राक्षसासारखं काहीतरी अद्भुत. ही सगळी धडधाकट माणसं होती. म्हणून कुणाला आरशात भूत दिसलं तर तो खोटं बोलतोय असं म्हणू नका. त्याला खरंच दिसलेलं असतं.

एक विनंती. ज्यांना झटके येतात, ज्यांचे मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत किंवा आधीच आवाज-भास होतात, त्यांनी हे करू नये. आणि काजळ डोळ्यांत घालून पाहण्याची जी जुनी पद्धत आहे ती कुणीच करू नये. बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, आणि बाबालोकांच्या अंजनात काय काय असतं ते ईश्वर जाणे. अंजनानं बुबुळाला जखम झालेले रुग्ण मी स्वतः तपासलेत.


खुल्ताबादकर

दुधनाकाठताई, आमच्याकडं याला हाजिरात म्हणतात. नानीनं सांगितलेलं जसंच्या तसं देतो.

आठ-दहा वर्षांचं लेकरू घ्यायचं, पायाळू असेल तर फारच चांगलं. न्हाऊ-माखू घालून, लोबान जाळून पाटावर बसवायचं. अंगठ्याच्या नखाला नाहीतर तळहाताला काजळ. आमिल, म्हणजे मंत्र पढणारा, पढत राहणार आणि विचारत राहणार: मैदान दिसलं का? झाडूवाला आला का? झाडून झालं का? आता भिश्ती आला, पाणी शिंपडलं का? सतरंजी अंथरली का? तख्त आलं का? मग शेवटी जिन्नांचा बादशहा येऊन तख्तावर बसणार, लेकरू त्याला सलाम करणार, आणि मग चोरीचं विचारायचं. नानी लहानपणी स्वतः अशी बसली होती. तिला विचारलं, तुला खरंच दिसलं का? म्हणाली, झाडूवाला दिसला बेटा, एकदम साफ. बादशहा दिसला नाही, पण सगळे इतक्या आशेनं पाहत होते की मी "हाव" (म्हणजे हो) म्हणून टाकलं.

याच दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांचं कानून-ए-इस्लाम हे पुस्तक आहे, हर्कलॉट्स यांनी ते इंग्रजीत आणलं, १८३२ मध्ये. त्यात हाजिरात आणि अंजन दोन्ही आहेत. चोरीसाठी वेगळं अंजन, पुरलेल्या धनासाठी वेगळं, भुताखेतासाठी वेगळं.

आणि गंमत वाटेल, हाच झाडूवाला इजिप्तमध्येही आहे. एडवर्ड लेन यांनी १८३६ च्या आपल्या पुस्तकात कैरोतला प्रयोग लिहिलाय. मुलाच्या तळहातावर शाईचा ठिपका, आधी झाडणारा माणूस, मग झेंडे, मग सुलतान. लेननं इंग्रज नौसेनापती नेल्सनला बोलवायला सांगितलं. मुलगा म्हणाला, काळ्या कपड्यातला फिरंगी आहे, डावा हात नाही. मग म्हणाला, नाही, हात गेलेला नाही, छातीशी धरलाय. नेल्सनचा उजवा हात गेलेला होता आणि तो रिकामी बाही खरंच छातीशी लावायचा. लेन चक्रावला. पुढं त्यालाच शंका आली की मधला दुभाषा, जो मूळचा स्कॉटलंडचा होता, तोच प्रश्नांतून उत्तर सुचवत असावा. तो दुभाषा वारल्यावर त्या जादूगाराचे प्रयोग फसायला लागले.

नानीचा "हाव" आणि हा दुभाषा, मला एकच गोष्ट वाटते. लेकराला मधे बसवलं की उत्तर विचारणाऱ्याचंच येतं.


बालाघाट (बीड)

पायाळूचा विषय निघाला म्हणून लिहायलोय. आमची आजी पायाळू होती, पायाकडून जन्मलेली. गावात कुणाला उसण भरली की तिला बोलवायचे, ती पाठीवर हलकेच पाय लावायची, माणूस उठून चालायला लागायचा. त्यात तिला आनंद होता. पण पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की तिला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत, पायाळूवर वीज पडते म्हणून. सुगीतसुद्धा आभाळ आलं की आजी कोठीच्या खोलीत.

तिसरी गोष्ट तिनं फार म्हातारपणी सांगितली. लग्नाआधी तिला रात्री गढीवर नेलं होतं. आमच्या गावाची गढी म्हणजे नुसती पांढऱ्या मातीची टेकडी उरलीय आता. तिच्या डोळ्यांत अंजन घातलं आणि म्हणाले, बघ कुठं हंडे दिसतात. डोळ्यांची आग आग होत होती. पोरगी घाबरून एक जागा दाखवून मोकळी झाली. रात्रभर खणलं. खापरं निघाली. मग म्हणाले, हिनं मुद्दाम चुकीची जागा दाखवली, आणि तिला मारलं. ती म्हणायची, मला त्या रात्री फक्त घरी जायचं होतं.

अंजनानं धन दिसतं ही समजूत किती जुनी आहे बघा. ज्ञानेश्वर माऊली आपल्याच पैठणजवळच्या आपेगावच्या. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गुरुकृपेसाठी हाच दाखला आहे: डोळ्यांत अंजन पडलं की दृष्टीला फाटा फुटतो आणि पाहावं तिथं महानिधी प्रगटतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. माऊलींनी त्यातून धन काढलं नाही, ज्ञान काढलं. आमच्या गावानं मात्र माझ्या आजीच्या डोळ्यांत जळजळीत काळं घातलं.

आणि ज्यांना अजून गढ्या खणायची हौस आहे त्यांच्यासाठी: १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते आपोआप तुमचं होत नाही. आणि ती फेकून दिलेली खापरंच खरं धन असतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन संग्रहालय बघा, तगर या तेरच्या जुन्या नगराचं रोमशी व्यापार करणारं वैभव अशाच मातीच्या वस्तूंतून कळलंय.


गोदातीर (नांदेड)

धागा आवडला, पण दुधनाकाठताईंचं एक म्हणणं पटत नाही. सगळं आपल्याच मनातलं असतं तर मग भविष्य पाहिल्याच्या इतक्या गोष्टी कुठून आल्या? तिबेटात तेराव्या दलाई लामांच्या निधनानंतर, १९३५ मध्ये, रेटिंग मठाचे लामा, जे तेव्हा रिजंट म्हणजे राज्याचा कारभार पाहणारे होते, ल्हामो लात्सो सरोवराकाठी बसले. पाण्यात त्यांना अ, क, म ही अक्षरं दिसली, हिरवट-निळ्या छपराचा मठ दिसला आणि एक घर दिसलं. त्यावरून आमदो प्रांतात शोध घेऊन आत्ताचे दलाई लामा सापडले. आपल्या बौद्धांच्या कालचक्र तंत्रातसुद्धा कुमारिकेला आरशात प्रतिसेना, म्हणजे आरशात उमटणारं दृश्य, दिसते, चोर दिसतो, असं आहे. एवढ्या मोठ्या परंपरा केवळ डोळ्याच्या थकव्यावर उभ्या असतील हे मन मानत नाही. मी स्वतः रोज ध्यान करतो. काही गोष्टी आधी कळतात, हा माझा अनुभव आहे.


दुधनाकाठ

गोदातीर, तुमच्या अनुभवाला मी नाही म्हणणार नाही. मी तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ल्हामो लात्सोच्या गोष्टीत मला जे मोलाचं वाटतं ते वेगळं आहे. तिथं दिसलेल्यावर कुणाला शिक्षा झाली नाही. दिसलेलं घेऊन माणसं महिनोन्‌महिने हिंडली, मुलाला जुन्या वस्तू ओळखायला लावल्या, पडताळा घेतला. आपल्याकडं नखात चेहरा दिसला की तासाभरात त्या माणसाच्या दारात काठ्या घेऊन लोक उभे असतात. भविष्य दिसतं की नाही यावर आपण दोघं वाद घालत राहू. पण दिसलेल्याचं पुढं काय करायचं यावर आपलं एकमत होईल असं वाटतं.

मांजरा_नेत्र, तुमचे आभार. तुमच्या म्हणण्याला जोड देते. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीच्या (अशा गूढ अनुभवांचा अभ्यास करणारी संस्था) १८८९ च्या वृत्तात 'मिस एक्स' या नावानं एका बाईंनी स्फटिकात पाहण्याचे अनुभव लिहिलेत. एकदा त्यांना स्फटिकात ओळखीच्या माणसाच्या निधनाची बातमी छापलेली दिसली. शोध घेतल्यावर कळलं की आदल्या दिवशी शेकोटीची झळ अडवायला त्यांनी जे वर्तमानपत्र समोर धरलं होतं त्यातच ती छापलेली होती. नजर तिच्यावरून गेली होती, त्यांनी वाचली नव्हती. माझ्या चप्पलेची गोष्टही याच जातीची.


पैनगंगा

कढईऐवजी काळा आरसा चालेल का? ऑनलाइन फार महाग मिळतात, 'सिद्ध केलेले' म्हणून विकायलेत.


दुधनाकाठ

चालेल, आणि विकत अजिबात घेऊ नका. फोटोच्या चौकटीची काच काढा, मागच्या बाजूनं काळा ऑइल पेंट दोन हात द्या, वाळू द्या, पुन्हा चौकटीत बसवा. झाला आरसा. चौकट थोडी तिरपी ठेवा, म्हणजे स्वतःचा चेहरा न दिसता छताचा अंधार दिसेल. राणी एलिझाबेथच्या काळातल्या जॉन डी या विद्वानाचा म्हणून ओळखला जाणारा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा. २०२१ मध्ये तपासणी झाली तेव्हा तो दगड मेक्सिकोतल्या पाचुकाचा निघाला. म्हणजे अॅझ्टेक लोकांचा आरसा समुद्र ओलांडून तिथं गेलेला. गंमत अशी की डी स्वतः फारसं पाहत नसे. पाहायचा तो एडवर्ड केली, डी लिहून घ्यायचा. आणि या केलीनं पुढं देवदूतांचा हुकूम म्हणून डीला बायकांची अदलाबदल करायला लावली. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं की काय होतं त्याचा हा नमुना.

बिदरीचं ताट मी करून पाहिलं. काळा रंग सुरेख, पण चांदीची वेलबुट्टी नजर सोडत नाही. अगदी सपाट, नक्षी नसलेलं मिळालं तर बघा.


कयाधू_८८ (हिंगोली)

ताई, मी हा धागा मुद्दाम शोधून आलोय. घरातली बोरमाळ आणि कानातली गेलीत. घरात आई, मी, बायको आणि लहान भाऊ. आईचा संशय बायकोवर आहे, तोंडानं बोलत नाही पण कळतं. शेजारच्या गावातला एक अंजनवाला रविवारी येणार आहे, माझ्या सात वर्षांच्या पोरीला बसवतो म्हणलाय. बायको रात्रभर रडायलीय. काय करावं कळंना. तुम्ही पाहता का? तुम्ही पाहून सांगितलं तर आई ऐकंल.


दुधनाकाठ

दादा, मी पाहणार नाही. आणि रविवारी त्या माणसाला दारात उभं करू नका. खुल्ताबादकरांच्या नानीचं वर वाचा. तुमची पोरगी आजीच्या तोंडाकडं पाहून उत्तर देणार. सात वर्षांच्या लेकराच्या तोंडून आईचं नाव निघालं तर ते पुढं आयुष्यभर दोघींनाही पुरेल. बायकोला आजच, आईसमोर, सांगा की असं काही होणार नाही.


माणुसकी_धाराशिव

कयाधू, मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. भानामतीच्या प्रकरणांत आमच्या भागात खूप फिरलोय. बहुतेक ठिकाणी सुरुवात अशीच होते: कुणीतरी येऊन 'पाहतो', मग एका बाईचं नाव निघतं, आणि ती बाई बहुधा घरातली सून नाहीतर गावातली एकटी म्हातारी असते. माणूस आला आणि पैसे मागितले, धमकावलं, करणी केली म्हणून कुणाचं नाव घेतलं, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर त्याच वर्षी तो आला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी विचारा, निरीक्षक दर्जाचा असतो. पण आधी चोरीची साधी तक्रार द्या. ती दिलीय का?


कयाधू_८८

नाही दिली. आई म्हणली पोलीस आले तर गावात इज्जत जाते.


खुल्ताबादकर

आईंना माझ्या नानीची गोष्ट वाचून दाखवा. जमलं तर बायको समोर नसताना.


बालाघाट

आणि आजीचीही. माझी हरकत नाही.


कयाधू_८८

वाचून दाखवलं. गढीचं ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. अंजनवाल्याला नको म्हणून फोन केलाय भावानं. तक्रार द्यायला उद्या जायलोय. पण पावती नाही, बोरमाळ आजीच्या काळातली आहे. पोलीस घेतील का?


माणुसकी_धाराशिव

घेतील. पावती नसली तरी तक्रार घ्यावीच लागते. वजन अंदाजे लिहा, मणी किती, कडी कशी, कुठं डाग दिलेला आहे का ते लिहा. लग्नाच्या फोटोत बोरमाळ दिसत असेल तर त्याची प्रत जोडा. ज्या सराफाकडं कधी पॉलिश किंवा गाठवायला दिली असेल त्याच्या वहीत नोंद सापडते का तेही विचारा. आणि तक्रारीची प्रत सही-शिक्क्यासह मागून घ्या.


दुधनाकाठ

कानातली नेमकी कुठल्या डब्यात होती आणि शेवटची कुणी पाहिली, हेही तारखेनिशी लिहून न्या. बायकोलाही सोबत न्या, तिचं म्हणणं तिच्याच तोंडून नोंदवलेलं बरं.